बाळ रडतंय म्हणून मेडिकलमधून काय आणावं? ग्राइप वॉटर, गॅसचे थेंब आणि गुटीची पेटी यांची पारख

श्रीवर्धन असो, रत्नागिरी असो की कणकवली, ‘दीड महिन्याचं बाळ संध्याकाळपासून रडतंय, पोटाला गुबारा धरलाय’ असं सांगितलं की मेडिकलवाला मागे वळून ठरलेला माल काउंटरवर मांडतो. ग्राइप वॉटर, गॅसचे थेंब आणि हल्ली प्रोबायोटिकची बोटभर बाटली. त्याच बाजारपेठेत काष्ठौषधीवाल्याकडे गुटीची पेटी बांधून तयार असते. या मालात नेमकं काय असतं, ते काय करतं, आपल्या दमट हवेत किती टिकतं आणि कुठली बाटली हातात आली तर तशीच परत करावी, ते इथे पाहू.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, नाहीतर सगळीच औषधं रामबाण वाटतील. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. जन्मानंतर रडणं आठवड्यागणिक वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास पोचतं आणि मग आपसूक उतरतं. तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळं शांत होतात. रडण्याचा जोर बहुधा दिवेलागणीनंतर असतो. मूठ आवळून, पाय पोटाशी घेऊन, तोंड लालबुंद करून रडतात, म्हणून घरच्यांना पोटच दुखतंय असं वाटतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल यांनी १९५४ साली याला ‘तीनचा नियम’ लावला: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि हे तीन आठवडे चाललं तर त्याला कॉलिक म्हणायचं. बाकी बाळ अंगावर नीट पितंय, वजन वाढतंय, ताप नाही, ही त्यातली मुख्य अट.

आता सहाव्या आठवड्यात बाटली आणली आणि दहाव्या आठवड्यात रडणं कमी झालं, तर श्रेय बाटलीला मिळणारच. गावोगावी प्रत्येक घराची एक ‘हमखास गुण देणारी’ बाटली असते आणि दोन घरांची बाटली सहसा एक नसते, ते यामुळेच.

ग्राइप वॉटरपासून सुरुवात करू. १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी ते बाजारात आणलं. मूळ पाठात मद्यार्क, शेपांचं तेल, खायचा सोडा, साखर आणि पाणी होतं. बाळ गप्प का होई, याचा अंदाज पहिल्याच शब्दावरून यावा. मद्यार्क पुढे गेला. आजच्या बाटलीत शेपांचं तेल, सोडा (आयुर्वेदिक लेबलवर ‘सर्जिकाक्षार’), गोडी आणि बाटली टिकावी म्हणून घातलेली परिरक्षकं एवढंच उरतं. तरीही चमचा तोंडात गेला की दोन मिनिटांत रडं थांबतं. त्यात जादू काही नाही. गोड चवीने तान्ह्या बाळाला खरोखरच थोडा वेळ आराम वाटतो आणि गिळायला लागलं की रडता येत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी रडं पुन्हा सुरू झालं की दुसरा चमचा. इथेच गडबड होते. महिन्याच्या बाळाचं पोट केवढं, त्यात दिवसातून चार-पाच चमचे गोड पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं. रडण्याचं मूळ भूक असेल तर आपण भुकेलाच खतपाणी घातलं. शिवाय सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हा जो नियम आशाताई सांगतात, त्यात ग्राइप वॉटरही येतं. बाटली उघडून फडताळात महिनोन्महिने ठेवलेली, झाकणाभोवती चिकट कड आणि त्यावर मुंग्या, अशी दिसली तर ती सरळ ओतून द्यावी. आमचं मत: अपाय थोडा, उपयोग त्याहून थोडा. घेऊ नये.

गॅसचे थेंब हा जास्त काळजीने बघायचा माल. खोक्यावर हसरं बाळ, शेजारी ‘कॉलिक’ किंवा त्याच्याशी यमक जुळणारं नाव. एकाला झाकून दुसरा काढावा. पण आत दोन वेगळ्या जातीची औषधं असतात.

पहिली जात सिमेथिकोनची. साधारणपणे १ मिलीमध्ये ४० मिलिग्रॅम, सोबत शेपा आणि बडीशेपेचं तेल. सिमेथिकोन पोटातल्या बारीक बुडबुड्यांना एकत्र करून मोठे करतं, म्हणजे ते ढेकरातून किंवा खालून निघून जावेत. ते रक्तात उतरत नाही, त्यामुळे धोका जवळपास नाही. मात्र नुसत्या गोड पाण्याशी तुलना करून तपासलं तेव्हा रडण्यात त्याने काही खास फरक पडलेला दिसला नाही. कारण सोपं आहे. गॅसमुळे बाळ रडतं त्यापेक्षा रडताना हवा गिळून गॅस होतो, असं जास्त घडतं. तरी आणायचंच असेल तर बाटली हलवून घ्या, औषध तळाशी बसतं. आणि त्या बाटलीचा ड्रॉपर त्याच बाटलीला वापरा. एका कंपनीच्या ड्रॉपरची खूण ०.५ मिलीवर असते, दुसरीची १ मिलीवर. ड्रॉपर धुऊन दुसऱ्या बाटलीत घातला की डोस दुप्पट व्हायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या जातीत सिमेथिकोनबरोबर डायसायक्लोमिन असतं. हे आतड्याच्या स्नायूंचे आचके सैल करणारं औषध. मोठ्या माणसाच्या पोटदुखीत ठीक. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते वर्ज्य आहे, कारण तान्ह्या बाळांत त्याने श्वास थांबणं, झटके येणं, बाळ निपचित पडणं असे प्रकार नोंदले गेले आहेत. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, संताप येण्यासारखीच गोष्ट आहे: कॉलिकचं वय चार-पाच महिन्यांत संपतं. म्हणजे ज्या वयात हे थेंब मागितले जातात, ते सगळंच वय वर्ज्य वयात मोडतं. तरी वहिनीच्या बाळाला दिलेली अर्धी बाटली नणंदेकडे जाते, तिथून शेजारच्या वाडीत. काउंटरवर नाव वाचू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. ‘डायसायक्लोमिन’ किंवा ‘डायसायक्लोव्हेरिन’ दिसलं की बाटली परत करा, दुकानदार कितीही खात्रीने ‘लहान मुलांचंच आहे’ म्हणाला तरी. अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा.

लॅक्टेजचे थेंब दुधातली साखर पचवायला मदत करतात. तान्ह्या बाळाला जन्मतःच ती साखर न पचणं फार दुर्मीळ, आणि या थेंबांच्या उपयोगाचे पुरावे उलटसुलट. डॉक्टरांनी आठवडाभर देऊन बघायला सांगितलं तर ठीक, आपल्या मनाने नको.

प्रोबायोटिकच्या बाटल्यांत मात्र एक अपवाद आहे. ‘लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी डीएसएम १७९३८’ हा एकच वाण असलेले थेंब, रोज पाच, म्हणजे सुमारे दहा कोटी जिवाणू. फक्त आईचं दूध पिणाऱ्या बाळांत याने रडण्याचा वेळ कमी होतो असं २०१८ साली अनेक चाचण्या एकत्र करून दाखवलं गेलं. फरक दिवसाला सुमारे २५ मिनिटांचा आणि तोही तीन आठवड्यांनी. वरचं दूध पिणाऱ्या बाळांबाबत तसं ठामपणे सांगता आलेलं नाही. थोडक्यात, फायदा आहे पण काही शे रुपये मोजून मिळतो तो एवढाच. दुकानात ‘प्रोबायोटिक द्या’ म्हटलं तर भलताच वाण हातात पडू शकतो, म्हणून वाणाचा आकडा लिहून न्या. दुसरी अडचण आपल्याकडची. हे जिवंत जिवाणू, बाटली २५ अंशांखाली ठेवायची. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात, तासन्‌तास वीज गेलेली असताना ती कशी राहिली असेल, हे आधी विचारा. फ्रिजमधून काढून दिली तरच घ्या. गरम दुधात टाकू नका. अशक्त, कमी दिवसांच्या किंवा नळीवर असलेल्या बाळाला विचारल्याशिवाय देऊ नका.

आता गुटीची पेटी. वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, सुंठ, मुरडशेंग, जायफळ, मायफळ, अतिविष, काकडशिंगी, डिकेमाली, ज्येष्ठमध, पिंपळी, बदाम, खारीक. घराघरांत यादी थोडी बदलते. सहाणेवर आईच्या दुधात किंवा पाण्यात एकेक काडी उगाळायची, कुठलीचा एक वेढा, कुठलीचे दोन. या पद्धतीत एक खरी चांगली गोष्ट आहे: रोज सकाळी आजी बाळाला मांडीवर घेऊन त्याची शी, जीभ, पोट, टाळू नीट न्याहाळते. ते न्याहाळणं ठेवावं. उगाळणं सोडावं, आणि त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं, दमटपणा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे पापडसुद्धा डब्यात मऊ पडतो. त्या हवेत ओल्या सहाणेवर उगाळून तशाच पेटीत टाकलेल्या काड्यांना बुरशी धरते. काडीचं उगाळलेलं टोक भिंगातून बघा. भेगांतून करडा-हिरवट लव दिसेल; हळकुंडावर ती पिवळ्यात लपते, खारकेवर पांढरी साय वाटते. बदाम आणि जायफळ ही तर बुरशीच्या विषाची आवडती ठिकाणं. पुसून, उन्हात टाकून लव जाते, विष जात नाही.

दुसरं, वेढ्याचं माप. काडी जुनी की ताजी, सहाण खरखरीत की झिजलेली, हात जड की हलका, यावर एका वेढ्यात किती उतरतं ते ठरतं. जायफळ इथे सगळ्यात अवघड. ते गुंगी आणतं, म्हणून तर ‘गुटी दिली की बाळ छान झोपतं’. जास्त झालं की हीच झोप जड होते, बाळ दूध ओढायला उठत नाही. आपल्याकडे तर जायफळ परसातलंच, नारळी-पोफळीच्या सावलीत वाढलेलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती काढल्या. ताजं, तेलाने भरलेलं जायफळ आणि दुकानातलं वर्षभर जुनं सुकलेलं जायफळ यांचा एक वेढा सारखा नसतो. वेखंड जास्त झालं तर उलट्या होतात. अतिविष हे विषारी बचनागाच्याच कुळातलं. मूळ ओळखता येणारा दुकानदार नसेल तर त्याच्या वाटेला जाऊच नये.

तिसरं, चाटण मधात देणं. एक वर्षाखाली मध अजिबात नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बाळाला शी होत नाही, रडण्याचा आवाज क्षीण होतो, मान लुळी पडते. रानातला अस्सल मध असला तरी नियम तोच.

कापूर घातलेलं खोबरेल छातीला-पोटाला चोळणं बंद करावं. कापूर कातडीतून आणि श्वासातून आत जातो आणि लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात. साध्या खोबरेलाने मालीश जरूर करा, पण नाकात आणि कानात तेल सोडू नका. नाकातलं तेल फुफ्फुसात उतरतं. ओवा-बाळंतशेपांची धुरी, शेगडीचा शेक, दृष्ट काढताना चुलीत टाकलेल्या मिरच्या: धूर तो धूर. बेंबीभोवती हिंगाचा लेप निरुपद्रवी, पुरळ आलं तर पुसून टाका.

काहीही विकत आणण्याआधी बाळाला उजेडात पूर्ण उघडं करून पाहायला पाच मिनिटं लागतात आणि त्यात बाटल्यांपेक्षा जास्त उत्तरं सापडतात. टोपडं, झबलं, हातमोजे, पायमोजे, लंगोट, सगळं काढा. प्रत्येक बोट सुटं करून बघा. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी आईचे केस फार गळतात. एखादा केस मोज्यात शिरून पायाच्या बोटाला किंवा मुलाच्या लघवीच्या जागी पीळ घालतो. पुढचा भाग सुजून जांभळा होतो. सहज निघाला नाही तर ओढत बसू नका, तासाभरात दवाखाना गाठा. जांघेत फुगा आलाय का? रडताना येऊन शांत झाल्यावर जाणारा हर्निया डॉक्टरांना दाखवायचाच. घट्ट होऊन आत जात नसेल, हात लावला की बाळ किंचाळत असेल, तर त्याच क्षणी. वृषण सुजलंय, लाल झालंय, तरी तसंच. मानेच्या वळ्यांत, काखेत घामोळं. लंगोटाच्या जागी लाल चट्टा आणि कडेला सुटे पुरळ असतील तर ती बुरशी, पावडरने जात नाही.

एप्रिल-मेमध्ये निम्मं किरकिरणं उकाड्याचं असतं. घामाने अंग वाळतच नाही अशा हवेत बाळंतिणीच्या खोलीची खिडकी बंद, पंखा बंद, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, वर टोपडं. ‘वारा लागेल’ ही भीती सोडून एक पातळ सुती झबलं, पंखा सुरू, पण झोत अंगावर नाही. पाणी पाजू नका, अंगावर जास्त वेळा घ्या. दिवसात आठ ते बारा वेळा पाजणं आणि पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी वेळा शू, हा पोट भरत असल्याचा साधा पुरावा. वरचं दूध असेल तर डब्यातला चमचा सपाट भरायचा आणि डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी. बहुतेक डब्यांवर एका चमच्याला ३० मिली असतं. दूध पुरवायला पातळ केलं की बाळ भुकेने रडतं, घट्ट केलं की पोट बिघडतं. किनाऱ्याजवळच्या ज्या विहिरीला मे महिन्यात मचूळ पाणी लागतं, ते या दुधाला वापरू नका. उकळल्याने मीठ जात नाही.

बाळंतिणीचं पथ्य या प्रश्नात उगीच भरडलं जातं. तिने फणसाची भाजी खाल्ली म्हणून बाळाला गॅस होत नाही. आतड्यातली हवा दुधात उतरत नाही. चहातलं कॅफिन मात्र उतरतं आणि नवजात बाळाच्या अंगातून ते बाहेर पडायला दिवस लागतात. दिवसाला सहा कप होत असतील तर दोनवर आणा. शीमध्ये रक्ताचे धागे, शेम, अंगावर इसबासारखे चट्टे असतील तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दोन ते चार आठवडे दूध-दही-तूप बंद करून बघायचं.

कोकणात एक कारण वेगळं लिहायलाच हवं: लाल विंचू. चिऱ्याच्या भिंतींच्या फटी, रचलेली लाकडं, नारळाची सोडणं, पडवीत जमिनीवर पडलेली दुपटी, ही त्याची घरं. शांत झोपलेलं बाळ एकदम किंचाळलं आणि थांबतच नाही, पाठोपाठ भरपूर घाम, लाळ, उलटी, हातपाय गार, श्वास जोरात, असं दिसलं तर विंचू सापडण्याची वाट बघू नका. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपाय शोधला आणि १९८६ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी हे रुग्ण हृदय आणि फुफ्फुसं निकामी होऊन दगावत. उपचार वेळेत मिळण्यावर सगळं आहे. बांधणं, कापणं, मंत्र, पाला यांत तास घालवू नका. १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी. वाळत घातलेले लंगोट आणि दुपटी झटकून मगच बाळाला, एवढी सवय ठेवा.

बाकी धोक्याच्या खुणा: तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश (१००.४ फॅरेनहाइट) किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, फुगलेली टाळू, दूध न ओढणं, झटका, नेहमीपेक्षा वेगळं तीक्ष्ण किंवा कण्हल्यासारखं रडणं. पाच-सहा महिन्यांपुढे, दर १५-२० मिनिटांनी पाय जवळ घेऊन कळवळून रडणं, मध्ये मलूल पडणं आणि मग लालसर शेमट शी, हे आतड्यात आतडं शिरल्याचं लक्षण. यातलं काहीही असेल तर मेडिकलच्या काउंटरवर थांबू नका.

सहाव्या आठवड्याच्या लशीनंतरची रात्र रडण्याची असते, आणि तो रडण्याच्या चढाचाच आठवडा. इथे पॅरासिटामॉल उपयोगी, पण बाटली बघून. थेंबांत १ मिलीला १०० मिलिग्रॅम, पातळ औषधात बहुधा ५ मिलीला १२० किंवा १२५. डोस वजनावर, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. चार किलोच्या बाळाला थेंब जेमतेम अर्धा मिली होतात. पातळ औषधाचे ‘दोन मिली’ लक्षात ठेवून तेवढेच थेंब घातले तर चौपट औषध गेलं. सिस्टरकडून मिलीमध्ये लिहून घ्या, ‘अर्धा चमचा’ असं नको.

म्हणून पैसे खर्च करायचेच तर कशावर? एक डिजिटल थर्मामीटर, काखेत धरायचा. सुई नसलेली १ मिलीची सिरिंज. औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायला ड्रॉपरपेक्षा शंभरपट बरी. आणि घडीची मच्छरदाणी. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या बाळांना तर ती हवीच: दहा-बारा तासांचा प्रवास, घरात वीस माणसं, या हातातून त्या हातात, आरतीच्या झांजा आणि रात्री डास. त्या बाळाला बहुधा कुठल्याच थेंबांची गरज नसते. मागच्या खोलीत दिवा मंद करून, मच्छरदाणीत उताणं झोपवलं आणि दार ओढून घेतलं की अर्ध्या तासात फरक दिसतो. मच्छरदाणी घेताना तिला खालून कापड शिवलेलं आहे ना ते बघा. तळ नसलेली स्वस्त मिळते, पण लाल मुंग्या तिथूनच आत जातात.